चपळही हवी आणि घरच्या कामाचीही हवी

जुनी गाडी काढून नवी घ्यायची आहे, ती चालवताना मजा यावी आणि घरातल्या माणसांची अडचणही होऊ नये, अशा आशयाची पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात. त्यांतील काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर जरा लांबले आहे, कारण पुढच्या बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझ्याकडे चौदा वर्षे जुनी लहान हॅचबॅक आहे. इंजिन १.२ लिटरचे, ८० अश्वशक्तीचे; गाडीचे वजन साधारण ९५० किलो. ती आता वारंवार काम काढते, म्हणून बदलायची आहे. गाडी चालवण्याची मला मनापासून आवड आहे. परंतु घरात दोन मुले आहेत, धाकटे अजून चाइल्ड सीटमध्ये बसते, आणि सासूबाईंना गुडघेदुखीमुळे फार खाली वाकून गाडीत बसता येत नाही. १५० अश्वशक्तीची एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही आणि तेवढ्याच अश्वशक्तीची एक हॅचबॅक यांच्यात निर्णय होत नाही. एसयूव्ही चालवून पाहिली, तेव्हा इंजिन जवळजवळ दुप्पट ताकदीचे असूनही ती माझ्या जुन्या गाडीपेक्षा सुस्त वाटली. असे का व्हावे?

उत्तर : तुम्हाला जे जाणवले तो भास नव्हे. आधी आकडे पाहू. तुमच्या जुन्या गाडीत टनामागे सुमारे ८४ अश्वशक्ती पडते. एसयूव्हीचे वजन १,४५० किलो धरले, तर १५० अश्वशक्तीच्या इंजिनाने टनामागे १०३ अश्वशक्ती मिळते, आणि १,२०० किलोंच्या हॅचबॅकमध्ये तेच इंजिन टनामागे १२५ अश्वशक्ती देते. म्हणजे सरळ रस्त्यावर घड्याळ लावून पाहिले तर ती एसयूव्ही तुमच्या जुन्या गाडीला सहज मागे टाकेल. परंतु रोजच्या वापरात गाडी पूर्ण ताकदीने पळवण्याचे प्रसंग फार थोडे येतात. स्टिअरिंग वळवल्यावर गाडीचे नाक किती लवकर वळते, ब्रेकवर पाय पडताच ती किती लवकर आवरते आणि एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना ती किती डुलते, यांवरच आपण गाडीला चपळ किंवा सुस्त ठरवतो, आणि या तिन्ही ठिकाणी वजन आड येते.

वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. तो किती सरकेल हे गाडीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवर ठरते. साध्या हॅचबॅकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरवर असतो, तर उंच गाडीचा साठ सेंटिमीटरच्या पुढे जातो. त्यात वजन जास्त असले की दोन्ही गोष्टींचा गुणाकार होतो. हे डुलणे आवरण्यासाठी कंपन्या एसयूव्हीच्या स्प्रिंग आणि अँटी-रोल बार कडक करतात, आणि मग वळणावर गाडी सरळ राहिली तरी खडबडीत रस्त्यावर आत बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलत राहतात. मागच्या सीटवर मुलांना मळमळण्याचे हेही एक कारण असू शकते. ब्रेकचेही तसेच आहे. चालत्या गाडीतील ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, आणि ती सगळी उष्णतेच्या रूपाने डिस्क आणि पॅडमधूनच बाहेर पडावी लागते. मोठा उतार उतरताना जड गाडीचे ब्रेक आधी तापतात.

लहान, हलकी आणि तरीही घरच्या उपयोगाची गाडी चपळ असू शकते, हे काही नवे नाही. १९५९ साली आलेली मिनी जेमतेम ३.०५ मीटर लांबीची होती. तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले आणि ताकद पुढच्या चाकांना दिली, त्यामुळे गाडीच्या तळाच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ८० टक्के जागा माणसे आणि सामान यांच्यासाठी मोकळी राहिली. चाके अगदी चारी कोपऱ्यांत आणि वजन थोडे, एवढ्या बळावर या गाडीच्या कूपर एस आवृत्तीने पुढे १९६४, १९६५ आणि १९६७ साली मोंटे कार्लो रॅली जिंकली. फोक्सवॅगनने १९७६ मध्ये विकायला काढलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयचे इंजिनही १.६ लिटरचे, ११० अश्वशक्तीचे होते. गाडीचे वजन मात्र ८०० किलोंच्या थोडेच वर होते. म्हणजे टनामागे अश्वशक्तीच्या हिशेबात ती तुमच्या मनातल्या आजच्या हॅचबॅकच्याही किंचित पुढे होती. आजच्या गाड्या जड झाल्या त्यात एअरबॅग, अपघातात न चेपणारा सांगाडा आणि आवाज रोखणारे थर यांचा मोठा वाटा आहे. मुले मागे बसवायची असताना त्या वजनाबद्दल कोणी तक्रार करू नये.

आता घरच्या गरजांचे पाहू, कारण तुमचा निर्णय खरे तर तिथेच अडलेला आहे. सासूबाईंसाठी उंच गाडीच हवी हा समज अर्धाच बरोबर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सीट इतकी खाली नको की बसताना अंग सोडून द्यावे लागेल, आणि इतकी वरही नको की पाय उचलून चढावे लागेल. उभ्या माणसाने मागे सरकताच मांडीखाली सीट यावी, ही उंची सोयीची. शिवाय दार किती रुंद उघडते, उंबरा किती जाड आहे आणि छताची कड डोक्याला लागते का, हेही पाहावे लागते. स्पोर्टी आवृत्तीच्या पुढच्या सीटला दोन्ही बाजूंनी जे जाड उंचवटे असतात, ते वळणावर चालकाला धरून ठेवतात खरे, पण त्यांच्यावरून सरकत बाहेर पडणे वयस्कर माणसाला जड जाते. म्हणून शोरूममध्ये सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांना पुढच्या सीटवर दोन-तीन वेळा बसायला आणि उतरायला सांगा. पहिल्यांदा सगळेच जोर लावून उतरतात; तिसऱ्या वेळी त्या दाराच्या चौकटीला धरू लागल्या तर ती गाडी त्यांच्या उपयोगाची नाही.

चाइल्ड सीटही घरून घेऊन जा. मागे तोंड करून बसवायची सीट असेल तर ती पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत येते, आणि कित्येक गाड्यांत मग पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. चाइल्ड सीट अडकवण्याच्या आयसोफिक्स कड्या गादीच्या फटीत किती खोल आहेत हेही हात घालून पाहावे. डिकीच्या बाबतीत लिटरच्या आकड्यावर विसंबू नका. कोणी तो आकडा खिडकीच्या कडेपर्यंत मोजतो, कोणी तळाखालचा कप्पाही त्यात धरतो. मुलाची ढकलगाडी आडवी मावते का आणि सामान किती उंच उचलून आत ठेवावे लागते, हे प्रत्यक्ष पाहणे अधिक खात्रीचे असते.

माझे मत विचाराल तर हॅचबॅक घ्या, पण तुमच्या जुन्या गाडीच्या वर्गातली घेऊ नका, एक पायरी मोठी घ्या, म्हणजे ४.२ ते ४.४ मीटर लांबीची. गोल्फच्या आकाराच्या गाड्यांत साधारण ३८० लिटरची डिकी मिळते आणि चौघांच्या कुटुंबाला ती पुरते. त्याहून जास्त सामान नेहमीच न्यावे लागत असेल तर स्कोडा ऑक्टाव्हियासारखी, मागची काच दारासकट उघडणारी लांब गाडी पाहावी. तिची डिकी ६०० लिटरची आहे आणि तरीही ती जमिनीलगत चालते. वर सांगितलेल्या सीटच्या परीक्षेत दोन्ही नापास झाल्या तरच एसयूव्हीकडे वळा, आणि वळलात तर तिच्यातली सर्वांत हलकी, दोनच चाकांना ताकद देणारी आवृत्ती निवडा.

प्रश्न : दोन हॅचबॅक निवडल्या आहेत. एकीत टर्बो नसलेले १४० अश्वशक्तीचे इंजिन आहे, दुसरीत टर्बो असलेले १२० अश्वशक्तीचे. विक्रेता म्हणतो दुसरीच जास्त पळेल. कमी अश्वशक्तीची गाडी जास्त कशी पळेल?

उत्तर : टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. पूर्ण जोर लावला तर पहिलीच जास्त पळेल. विक्रेता जे सांगतो आहे ते मधल्या वेगाबद्दल आहे आणि त्यात तथ्य आहे. इंजिनाची शक्ती म्हणजे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि फेरे यांचा गुणाकार. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात, आणि एक किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ अश्वशक्ती. माहितीपत्रकावरचे १४० अश्वशक्ती हे ६,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतात, आणि तिथवर इंजिन रोज कोणी नेत नाही. २,००० फेऱ्यांवर टर्बोचे लहान इंजिन २०० न्यूटन-मीटर देत असेल, तर त्या क्षणी चालकाच्या पायाखाली ५७ अश्वशक्ती असतात. टर्बो नसलेले इंजिन तिथे १४० न्यूटन-मीटर देत असेल तर ४० अश्वशक्तीच मिळतात. गिअर न बदलता पुढच्या ट्रकला मागे टाकायचे असेल तेव्हा हा फरक पाठीला जाणवतो.

याची दुसरी बाजू विक्रेता सांगत नाही. टर्बो फिरवण्यासाठी आधी धुराचा दाब तयार व्हावा लागतो, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबणे आणि जोर येणे यांच्यात थोडे अंतर पडते. आणि जोर येतो तोही एकदम येतो. टर्बो नसलेले इंजिन पायाबरोबर चालते, जितके दाबाल तितकेच देते, आणि फेरे चढत जातात तसा त्याचा आवाज आणि दम दोन्ही वाढत जातात. ज्याला गिअर बदलत गाडी चालवायला आवडते त्याने पहिली घ्यावी. गाडीत बहुधा चार माणसे आणि सामान असते आणि गिअरला हात लावण्याचा कंटाळा आहे, त्याने दुसरी घ्यावी. मी स्वतः पहिली घेतली असती. पण अशी इंजिने बाजारातून झपाट्याने कमी होत आहेत, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : अर्धा प्रवास गर्दीत जातो. ऑटोमॅटिक घेतली तर गाडी चालवण्याची मजा जाईल का?

उत्तर : कोणती ऑटोमॅटिक, यावर ते अवलंबून आहे. इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे पोचवणारी टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक गर्दीत सर्वांत गुळगुळीत चालते, आणि तिच्या आजच्या आवृत्त्या गिअर बदलायलाही तत्पर आहेत. ड्युअल क्लचची पेटी वेगात सर्वांत चलाख असते, कारण पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. मात्र तिचे क्लच कोरडे असतील तर चढावरच्या गर्दीत इंच-इंच सरकताना ते तापतात, म्हणून तेलात बुडालेल्या क्लचची पेटी असलेली गाडी पसंत करावी. ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी गर्दीत सोयीची आहे, पण जोर मागितला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. साधी पेटी आणि क्लच यंत्राने चालवणारी एएमटी खिशाला परवडते, परंतु तिच्यावर स्पोर्टी हा शब्द कोणी छापला तर तो वाचून सोडून द्यावा.

प्रश्न : जितक्या पैशांत नवी साधी हॅचबॅक येते, तितक्यात सहा-सात वर्षे वापरलेली, दोनशेच्या वर अश्वशक्तीची स्पोर्ट्स हॅचबॅक मिळते आहे. रोजच्या वापरासाठी ती घेणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर : ठरू शकते, पण एक हिशेब आधी मांडावा लागतो. जुनी झाल्यावर गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. टायर, मोठ्या डिस्क, ड्युअल क्लचचे तेल, इलेक्ट्रॉनिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर, हे सगळे ती गाडी नवी असतानाच्या किमतीच्या तोलाचेच राहते. म्हणून हातातले सगळे पैसे गाडीतच घालू नयेत. त्यातला चांगला मोठा भाग पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवता येत असेल तरच पुढे जावे.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असले पाहिजे. मालकाने तुम्ही येण्याआधीच ती सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवताच कळते, आणि मग दुसऱ्या दिवशी येतो असे सांगून निघावे. थंड इंजिन सुरू होताना साखळीचा खडखडाट ऐकू येतो का, आणि धुरात निळी झाक आहे का, या दोन गोष्टींसाठी हा खटाटोप असतो. त्यानंतर खाली बसून टायर पाहा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. चारही टायर एकाच कंपनीचे आणि जवळपासच्या तारखांचे असतील तर मालकाने गाडीवर खर्च करताना हात आखडला नाही, असे समजायला हरकत नाही. नंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. बाहेरून नक्षी भरपूर दिसते आणि आतली कड गुळगुळीत झालेली असते, हे अशा गाड्यांत नेहमी आढळते. त्यामागे चाकांचे बिघडलेले अलाइनमेंट, सस्पेन्शनच्या सांध्यांतले झिजलेले रबरी बुश किंवा मुद्दाम खाली बसवलेले सस्पेन्शन, यांपैकी काहीतरी असते. ब्रेक डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नखाला अडकेल असा कंगोरा लागला तर डिस्क बरीच झिजलेली आहे.

या वर्गातल्या गाड्यांचा खास धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. टर्बो इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवून घेणे सोपे असते, आणि विकण्याआधी ते पूर्ववत करणेही सोपे असते. त्या वाढीव ताकदीचा ताण क्लच, गिअरपेटी आणि टर्बोने सोसलेला असतो. बदललेला सायलेन्सर, बॉनेटखाली नवा दिसणारा हवेचा पाइप, किंवा तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोर लावताच फेरे चढतात पण वेग त्या मानाने वाढत नाही, अशा खुणा दिसल्या तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडून द्यावी. सर्व्हिसची नोंदवही नीट वाचा. इंजिन ऑइल वेळेवर बदलले आहे का, हे तर सगळेच पाहतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे लागते, त्याची नोंद शोधावी. जोरात चालवल्या जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही नोंद मालकाच्या स्वभावाबद्दल बरेच सांगून जाते. टायमिंग बेल्टचे इंजिन असेल आणि बेल्ट बदलल्याचा कागद नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे, कारण बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

एवढ्या चाळणीतून गाडी पार पडली, तर नव्या साध्या हॅचबॅकपेक्षा ती घेतलेली मला आवडेल. तिचे स्टिअरिंग, सीट आणि ब्रेक अशा दर्जाचे असतात की साठच्या वेगातही गाडी हातात असल्याचे समाधान मिळते. मात्र घरात ही एकच गाडी असेल आणि ती आठवडाभर गॅरेजमध्ये अडकली तर कामे खोळंबणार असतील, तर हा नाद सोडलेला बरा.

प्रश्न : मला हव्या त्या गाडीच्या वरच्या आवृत्तीत १८ इंची चाके येतात, खालच्या आवृत्तीत १६ इंची. मोठ्या चाकांमुळे गाडी अधिक स्पोर्टी होते का?

उत्तर : दिसायला होते. चालवताना फायदा आणि तोटा दोन्ही आहेत. १६ इंची चाकावर २०५/५५ मापाचा टायर असेल तर त्याची भिंत २०५ मिलिमीटरच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर उंच असते. १८ इंचीवर २२५/४० असेल तर ती ९० मिलिमीटरच राहते. दोन्ही चाकांची एकूण उंची जवळजवळ सारखीच आहे. वाढले ते धातूचे, कमी झाले ते रबर आणि त्यातील हवा. आखूड भिंत वळणावर कमी दबते, म्हणून स्टिअरिंगचा प्रतिसाद जलद होतो. परंतु खड्ड्याचा दणका शोषून घेणारी तीच भिंत असल्यामुळे तो दणका रिमला आणि तुमच्या कमरेला बसतो. शिवाय मोठी चाके बहुधा जड असतात, आणि स्प्रिंगच्या खालचे हे वजन वाढले की शॉक अ‍ॅब्सॉर्बरला चाक रस्त्याला चिकटवून ठेवणे कठीण जाते. रस्ते गुळगुळीत नसतील तर १६ किंवा १७ इंची चाके घ्या आणि वाचलेल्या पैशांत सर्वांत चांगल्या दर्जाचे टायर बसवा. गाडीच्या वागण्यात इतक्या थोड्या खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही, हे मी अनेकांना सांगतो आणि बहुतेक जण तरी मोठी चाकेच घेतात.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीचा पिकअप पाहून मन वळले आहे. स्पोर्टी आणि उपयोगी या दोन्ही अटी ती पुऱ्या करते का?

उत्तर : पिकअपची अट तर ती तेवढ्याच ताकदीच्या पेट्रोल गाडीपेक्षा सहज पुरी करते, कारण मोटरचा पूर्ण टॉर्क पहिल्या फेऱ्यापासूनच मिळतो आणि मध्ये गिअर बदलण्याची खोटी नसते. बॅटरी तळाशी असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो, म्हणून वळणावर ती कमी डुलते. पण पहिल्या पत्रात सांगितलेले वजनाचे गणित इथेही सुटत नाही. तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी कित्येकदा ३०० किलो किंवा त्याहूनही जड असते, आणि ते वजन लागोपाठच्या तीव्र वळणांत आणि टायरच्या झिजेत जाणवते. वेगाचाही विचार करावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ९० च्या वेगावरून १२० वर गेले की तो पावणेदोन पटींहून थोडा जास्त होतो, आणि महामार्गावर रेंज अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. घरी चार्जिंगची सोय असेल आणि रोजची धाव शहरापुरती असेल तर जरूर घ्या. आठवडाअखेरीला दूरच्या घाटात मनसोक्त गाडी चालवणे हीच तुमची हौस असेल, तर अजून एक पेट्रोल गाडी वापरून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्हला जेमतेम वीस मिनिटे मिळतात. तेवढ्यात काय पाहावे?

उत्तर : आधी गाणी आणि एसी बंद करा, आणि विक्रेत्याला शांत बसण्याची विनंती करा. पहिली पाच मिनिटे गाडी हळूच चालवा. क्लच कुठे धरतो, ब्रेक पहिल्याच स्पर्शाला लागतो की पाय खोल गेल्यावर, दोनाच्या गिअरमध्ये सावकाश जाताना गाडी हिसके देते का, हे सगळे सावकाश चालवतानाच कळते, आणि रोज याच वेगाशी गाठ पडणार आहे. मग मुद्दाम खराब रस्ता निवडा, आणि तिथे स्टिअरिंग सैल धरून गाडी आपली वाट सोडते का ते पाहा. ओळखीचे एखादे वळण जुन्या गाडीने ज्या वेगात घेता, त्याच वेगात घ्या. नव्या गाडीत स्टिअरिंग मधेच दुरुस्त करावे लागले नाही, एकदा वळवले ते तसेच राहिले, तर गाडी तुमचे ऐकते आहे. जोर लावून पाहायचा असेल तर थांबलेल्या अवस्थेतून निघण्यापेक्षा ४० वरून ८० पर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये, रस्ता मोकळा असताना लावा. ओव्हरटेक करताना हाच वेग कामी येतो.

शक्य असेल तर घरच्या माणसांना मागे बसवूनच गाडी चालवा. एकट्याने चालवलेली गाडी नेहमीच जास्त चपळ वाटते, आणि चौघे बसल्यावर मागचे सस्पेन्शन खाली बसते का, गतिरोधकावर तळ घासतो का, हे एकट्याला कळत नाही. शेवटची पाच मिनिटे राखून ठेवा आणि गाडी आपल्या नेहमीच्या जागेत उलटी लावून पाहा. मागच्या जाड खांबामुळे दिसते किती आणि कॅमेऱ्यावर विसंबावे लागते किती, ते तिथे समजते. त्याच जागी दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असताना मागचे दार उघडून चाइल्ड सीट आत नेता आली, तर विक्रेत्याशी किमतीची बोलणी सुरू करायला हरकत नाही.